‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द इंटरनेटच्या पत्त्यात कसा बसतो, आणि ते ठरवतं कोण?

समजा, लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला तूर आणि सोयाबीन थेट विकण्यासाठी संकेतस्थळ काढायचंय. गिऱ्हाईक मराठी, माल मराठवाड्यातला, मग पत्ता तरी इंग्रजीत कशाला? म्हणून नाव ठरलं ‘शेतकऱ्यांचाबाजार.भारत’. बॅनरवर छापलं, पावतीवर छापलं. वाचणाऱ्याला हे एकच नाव दिसतं. संगणकाला मात्र ते एकच असेल याची खात्री नाही.

आजचा विषय इथूनच सुरू होतो. डोमेन नावांचा कारभार म्हटलं की डोळ्यांपुढे परदेशातल्या परिषदा आणि मोठमोठे शब्द येतात. पण त्या कारभाराचा खरा अर्थ कळायला ‘ऱ्या’ हे एक अक्षर पुरेसं आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हे उदाहरण नीट बघावं, कारण यात भाषाशास्त्र, संगणकशास्त्र आणि राज्यशास्त्र अशा तिन्ही बाजूंनी शिरता येतं.

एक अक्षर, तीन लेखनं

मराठीत ‘र’ला ‘य’ जोडायच्या दोन पद्धती आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ नमस्कार करायचा, ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाकाचं सांगायचं. एकात डोक्यावर रफार येतो, दुसऱ्यात मधे आडवी लहानशी रेघ. हिंदीला हा भेद लागत नाही, आपल्याला पदोपदी लागतो: शेतकऱ्यांचा, कामगाऱ्या नव्हे पण अधिकाऱ्यांचा, वऱ्हाड, कऱ्हाड, गोऱ्हे, कुऱ्हाडे.

युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, ही आडवी रेघ दोन मार्गांनी काढता येते. पहिला मार्ग: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त, मग ‘य’. एकूण तीन क्रमांक. दुसरा मार्ग जुन्या आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी ठेवलेला: साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह, मग ‘य’. एकूण चार क्रमांक. या जोडचिन्हाला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. त्याला रुंदी नाही, आकार नाही. शेजारच्या अक्षरांनी कसं जुळायचं एवढीच सूचना ते देतं.

तिसरा मार्गही आहे: ‘र’, खाली नुक्ता, हलन्त, ‘य’. पण युनिकोडच्या सामान्यीकरणात ‘र’ आणि नुक्ता मिळून आपोआप ‘ऱ’ होतो. म्हणजे तिसरा मार्ग पहिल्यात विरघळतो. दुसरा मात्र विरघळत नाही, तो वेगळाच राहतो.

आता लक्षात घ्या, डोमेन नावांच्या यंत्रणेला देवनागरी मुळात कळतच नाही. आतमध्ये पत्ते रोमन अक्षरं, अंक आणि आडवी रेघ यांचेच असतात. म्हणून देवनागरी नावाचं प्युनीकोड नावाच्या रीतीनं रोमन रूप केलं जातं. ही रीत २००३ साली प्रमाण म्हणून आली. ‘भारत’ या शेवटच्या तुकड्याचं आतलं रूप ‘एक्सएन’, दोन आडव्या रेघा आणि पुढे ‘एच२बीआरजे९सी’ असं आहे. क्रमांक बदलले की हे रूप बदलतं, आणि रूप बदललं की पत्ता बदलतो. म्हणजे डोळ्यांना सारखी दिसणारी दोन ‘शेतकऱ्यांचाबाजार’ ही यंत्रणेसाठी दोन वेगळी ठिकाणं ठरू शकतात.

त्यात भर म्हणजे नियमच बदलले. २००३ च्या नियमांत ते न दिसणारं जोडचिन्ह पत्त्यातून गाळून टाकलं जाई. गाळल्यावर उरतं काय? ‘शेतकर्यांचा’. म्हणजे आडवी रेघ गेली आणि रफार आला. पुढे आयडीएनए २००८ हे सुधारित प्रमाण आलं. त्यानं हलन्तानंतर हे चिन्ह चालेल अशी मुभा दिली. पण सगळ्या ब्राउझरांनी हा बदल एकाच दिवशी स्वीकारला नाही. त्यामुळे एकच मजकूर एका ब्राउझरमध्ये एकीकडे आणि दुसऱ्यात दुसरीकडे नेईल, अशी शक्यता बरीच वर्षं होती.

हा खेळ नाही. शेतकरी कंपनीचं एक रूप तिच्याकडे आहे आणि रजिस्ट्रीनं दुसरं रूप वेगळं मानून दुसऱ्या कुणाला दिलं, तर गिऱ्हाइकाचे पैसे कुठे जातील? नाव ‘दिसायला बरोबर’ असणं पुरत नाही. कोणतं रूप चालेल आणि कोणतं अडवायचं, हे कुणीतरी आधी ठरवावं लागतं.

ठरवणाऱ्यांचे तीन मजले

सगळ्यात वरच्या मजल्यावर आयकॅन. १९९८ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ही विनानफा संस्था. पत्त्याचा शेवटचा तुकडा, म्हणजे ‘कॉम’, ‘इन’, ‘भारत’ असली नावं, मूळ यादीत कशी घ्यायची हे तिच्या प्रक्रियेत ठरतं. अमेरिकी सरकारचा या कामावरचा करार १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपला. त्यानंतरची आयकॅनची पहिली मोठी बैठक त्याच वर्षी नोव्हेंबरात भरली ती हैदराबादला, म्हणजे नांदेडकरांच्या अगदी शेजारी.

मधल्या मजल्यावर रजिस्ट्री. ‘इन’ आणि ‘भारत’ या दोन्हींची जबाबदारी निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे. ‘भारत’च्या आधी येणारी नावं कोणत्या नियमांनी द्यायची हे इथे ठरतं. देवनागरीतलं ‘.भारत’ २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालं, मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि सिंधी अशा आठ भाषांसाठी. भारतीय लिप्यांतल्या नावांचे नियम बसवण्याच्या कामात पुण्याच्या सीडॅकचा मोठा वाटा आहे.

खालच्या मजल्यावर सॉफ्टवेअर लिहिणारे: ब्राउझर, ईमेल सेवा, फॉर्म बनवणारे. यांची कुणी निवडणूक घेत नाही आणि यांच्या निर्णयांवर हरकतीही मागवल्या जात नाहीत.

‘आंतरराष्ट्रीय वापरकर्त्यांना प्रतिसाद देणारा कारभार’ असं म्हणतात तेव्हा आपल्याला वाटतं, हे परदेशी लोकांबद्दल चाललंय. तसं नाही. वरच्या मजल्यावरून पाहिलं तर आंतरराष्ट्रीय वापरकर्ते म्हणजे आपणच. औशाचा दुकानदार, देगलूरची शिक्षिका, विद्यापीठात शिकणारे तुम्ही.

मतदान करून पाहिलं होतं

मग आपला आवाज तिथे पोचवायचा कसा? सरळ उत्तर सुचतं: मतदान. आणि ते खरंच करून पाहिलं गेलं. २००० साली आयकॅननं जगभरातल्या इंटरनेट वापरणाऱ्यांना थेट मत देऊन संचालक निवडायला सांगितलं. जगाचे पाच भाग केले, प्रत्येकातून एक संचालक. सुमारे ७६ हजार लोकांनी आपलं सदस्यत्व पक्कं केलं आणि त्यातल्या सुमारे ३४ हजारांनी मत दिलं. आशिया-पॅसिफिकची जागा जपानच्या उमेदवाराला मिळाली.

साऱ्या जगाच्या नावानं ३४ हजार मतं! एखाद्या तालुक्याच्या निवडणुकीतही याहून जास्त पडतात. शिवाय ज्या देशात इंटरनेट आधी पोचलं आणि प्रचार जोरात झाला त्याचं पारडं जड. २००२ च्या सुधारणांत ही थेट निवडणूक बंद झाली. तिच्या जागी सल्लागार समिती आली: पाच प्रादेशिक संघटनांकडून प्रत्येकी दोन आणि नामनिर्देशन समितीकडून पाच, असे पंधरा सदस्य. ही समिती सर्वसामान्य वापरकर्त्यांच्या वतीनं सल्ला देते. सरकारांची वेगळी सल्लागार समिती आहे.

यावर दोन्ही बाजूंनी वाद होतो. काही म्हणतात, मत काढून घेतलं म्हणजे वापरकर्ता पाहुणा झाला. काही म्हणतात, इतक्या कमी मतदानातून आलेल्या माणसाला जगाचा प्रतिनिधी म्हणणं हीच थट्टा होती. दोन्हींत तथ्य आहे. पण ‘ऱ’च्या प्रश्नाला यातली कोणतीच वाट सोडवू शकत नव्हती. मताच्या चिठ्ठीवर ‘आडवी रेघ चालेल का’ असा प्रश्न कधी येत नसतो.

‘ऱ’ आत कसा आला

उत्तर वेगळ्याच दारानं आलं. मूळ यादीत कोणत्या लिपीतली कोणती चिन्हं चालतील, हे आयकॅननं स्वतः न ठरवता त्या त्या लिपीच्या समाजाकडे सोपवलं. ब्राह्मीतून आलेल्या नऊ लिप्यांसाठी निओ-ब्राह्मी समिती बसली. त्यात देवनागरी, गुरुमुखी, गुजराती, बंगाली, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम. भाषातज्ज्ञ, संगणकाची माणसं, डोमेनच्या धंद्यातली माणसं, सगळी एकत्र.

कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. समिती प्रस्ताव लिहिते. तो सगळ्यांच्या हरकतींसाठी खुला होतो, साधारण ४० दिवस. मग तज्ज्ञांचं दुसरं मंडळ तो तपासतं. हे मंडळ प्रस्ताव स्वीकारतं किंवा परत पाठवतं. स्वतःच्या मनानं त्यात अक्षर घालत नाही. म्हणजे समाजानं मागितलं नाही तर कुणी आणून देणार नाही. दुसरं तत्त्व सावधपणाचं: शंका असेल तर चिन्ह बाहेर ठेवायचं, कारण एकदा दिलेलं नाव मागे घेणं फार अवघड.

सावधपणाच्या या तत्त्वामुळे ते न दिसणारं जोडचिन्ह मूळ यादीत सरळ नाकारलं गेलं. जे दिसतच नाही ते पत्त्यात असणं म्हणजे फसवणुकीला आमंत्रण. पण मग मराठीचा ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ कसा लिहायचा? त्यासाठी ‘ऱ’ हे अक्षर देवनागरीच्या यादीत असणं गरजेचं होतं. हिंदीपुरता विचार केला असता तर हे अक्षर सहज गळालं असतं, कारण रोजच्या हिंदीत ते सापडत नाही. मराठीला त्याची गरज आहे हे दाखवलं गेलं आणि ते आत आलं. २०१९ साली देवनागरीचे नियम मूळ यादीच्या एकत्रित नियमांत सामील झाले.

माझ्या मते या सगळ्या विषयातली सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे: अशा कारभारात वापरकर्त्याची दखल घेतली जाते ती संख्येपेक्षा नेमक्या पुराव्यावर. मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर आहेत, हे सांगून ‘ऱ’ येत नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ शेजारी ठेवले की येतो.

नांदेडच्या पाट्या आणि सारखी दिसणारी अक्षरं

नेमका पुरावा का लागतो हे नांदेडच्या रस्त्यावर उभं राहिलं की कळतं. सचखंड हुजूर साहिबमुळे इथे गुरुमुखी पाट्या आहेत, बाजारात देवनागरी आणि उर्दू, आणि धर्माबाद-बिलोलीकडे गेलं की तेलुगू. पाटी वाचताना आपण गोंधळत नाही, कारण शेजारची अक्षरं बघून लिपी ओळखतो. पण गुरुमुखीतला ट आणि ठ हे आपल्या ट-ठ सारखेच दिसतात. अशीच दोन-तीन अक्षरं घेऊन नाव बनवलं तर ते कोणत्या लिपीतलं आहे हे डोळ्यांनी सांगता येणार नाही.

म्हणून नियमांत अशा जोड्या प्रकार-अक्षरं म्हणून नोंदवल्या जातात. एकाला नाव मिळालं की दुसरं सारखं दिसणारं नाव भलत्याच्या हाती जात नाही. पण सारखं दिसतं म्हणजे किती सारखं? लहान फोनवर ‘द्ध’ आणि ‘द्घ’ ओळखता येतात का? घ आणि ध? इथे प्रत्येक जोडी अडवली तर चांगली नावंही अडतील, सोडली तर फसवणूक वाढेल.

याच प्रश्नावर बल्गेरियाचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. त्यांनी सिरिलिक लिपीतलं आपलं दोन अक्षरी नाव मागितलं. २०१० साली ते नाकारलं गेलं, ब्राझीलच्या ‘बीआर’सारखं दिसतं म्हणून. बल्गेरिया मागे हटला नाही. पुढे आयकॅनला साम्य तपासायची दुसरी पायरी तयार करावी लागली. त्यात वाचनप्रक्रियेचे अभ्यासक होते आणि निर्णय प्रयोगांवर आधारलेला होता. २०१४ मध्ये नाव मान्य झालं, २०१६ मध्ये ते मूळ यादीत आलं. म्हणजे ‘मला सारखं दिसतं’ या मताची जागा ‘वाचणारे खरंच चुकतात का’ या मोजमापानं घेतली. नियम बदलला तो असा.

नाव मिळालं, पण दार उघडेना

इथवर वाचून वाटेल की काम झालं. तसं नाही. खालचा मजला अजून बाकी आहे.

एखाद्या फॉर्ममध्ये ‘.भारत’वर संपणारा ईमेल पत्ता टाकून बघा. बऱ्याच ठिकाणी ‘योग्य ईमेल टाका’ असं उत्तर येतं. कारण साधं आहे: तपासणीचा कोड लिहिणाऱ्यानं पत्त्यात फक्त रोमन अक्षरं येतात असं धरलेलं असतं. ईमेलच्या पत्त्यात इतर लिप्या चालवायचं प्रमाण २०१२ सालीच आलं. राजस्थान सरकारनं २०१७ मध्ये ‘राजस्थान.भारत’वर हिंदी ईमेल पत्ते देऊ केले. सगळीकडे सगळी नावं चालावीत यासाठी २०१५ पासून एक गटही काम करतोय. तरी फॉर्म अडतातच.

अर्ज करणाऱ्यासाठी याचा अर्थ काय? नाव कायदेशीर आहे, आयकॅनला मान्य आहे, निक्सीनं दिलेलं आहे, आणि शेवटच्या खिडकीवरचा कोड ते परत करतो. वरच्या दोन मजल्यांवर हरकत नोंदवता येते. तिसऱ्यावर ती कुणाकडे नोंदवायची हेच ठरलेलं नाही. कारभाराची खरी गळती इथे आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो योग्य आहे: आता पत्ता टाइप करतंच कोण? लोक शोधतात, लिंकवर बोट ठेवतात, क्यूआर कोड स्कॅन करतात. मग मराठी नावासाठी एवढी धडपड कशाला? उत्तर असं की लिंकवर बोट ठेवण्याआधी माणूस पत्त्याकडे बघूनच विश्वास ठेवायचा की नाही ठरवतो. ज्याला रोमन लिपी नीट वाचता येत नाही त्याच्याकडून ही तपासणीच हिरावली जाते. बँकेच्या नावाची खोटी लिंक ओळखायची तर पत्ता वाचता यायला हवा. म्हणून मला हा प्रश्न अभिमानापेक्षा सुरक्षिततेचा वाटतो.

यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा

‘डोमेन कारभार आणि मराठी’ हा विषय नव्हे, ते नुसतं क्षेत्र झालं. विषय असा हवा की ज्याचं उत्तर चुकीचंही निघू शकेल. काही नमुने देतो.

पहिला: मराठी मजकुराचा मोठा साठा घ्या आणि ‘ऱ्य’ कोणत्या क्रमांकांनी लिहिला जातो ते मोजा. कोणता कीबोर्ड कोणतं रूप देतो तेही तपासा. जोडचिन्हाचं रूप अजून जास्त आढळलं, तर लोक टाइप करतात एक आणि नियम मानतात दुसरं, हे आकड्यांत मांडता येईल.

दुसरा: ‘द्ध-द्घ’सारख्या जोड्या वेगवेगळ्या आकाराच्या पडद्यांवर दाखवून वाचणारे किती चुकतात ते बघा. बल्गेरियाच्या प्रकरणात लागला तसा पुरावा देवनागरीच्या प्रत्येक जोडीसाठी उपयोगी पडेल. मानसशास्त्राच्या आणि भाषेच्या विद्यार्थ्यांनी मिळून करण्यासारखं हे काम आहे.

तिसरा: सार्वजनिक सेवांचे ५० फॉर्म निवडा, प्रत्येकात तोच देवनागरी ईमेल पत्ता टाका आणि काय होतं ते नोंदवा. निवड कशी केली, तारीख कोणती, कोणता ब्राउझर, हे लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्याला तेच पुन्हा करता येईल.

चौथा: भाषा यादीत घेताना ती आज किती वापरात आहे हे इजिड्स नावाच्या पट्टीवर पाहिलं गेलं. मग नांदेड-लातूरच्या तांड्यांवर बोलली जाणारी गोरमाटी देवनागरीत लिहिताना यादीबाहेरचं एखादं चिन्ह लागतं का? लागत असेल तर ते मागणार कोण?

या कामाला प्रयोगशाळा लागत नाही. देवनागरीचा प्रस्ताव, त्यावरच्या हरकती, नियमांची यादी, सगळं आयकॅननं खुलं ठेवलंय. इंग्रजीत आहे, कंटाळवाणंही आहे, पण वाचता येण्यासारखं आहे. बैठकांना नोंदणीचं शुल्क नाही, दुरूनही बसता येतं. १८ ते ३० वयाच्या विद्यार्थ्यांसाठी नेक्स्टजेन नावाचा कार्यक्रम आहे, त्यात निवड झाली तर प्रवासाला मदत मिळते.

सुरुवात करायची तर आज एवढंच करा. आपल्या फोनवर ‘शेतकऱ्यांचा’ टाइप करा, तो शब्द युनिकोडचे क्रमांक दाखवणाऱ्या एखाद्या साधनात टाका आणि ‘क’ आणि ‘य’ यांच्या मधे किती क्रमांक आहेत ते मोजा. दोन आले तर तुमचा कीबोर्ड ‘ऱ’ वापरतो. तीन आले आणि त्यात ते न दिसणारं चिन्ह निघालं, तर तुमच्याकडे पहिला पुरावा आला. कीबोर्डचं नाव आणि तारीख लिहून ठेवा.